पगार किती आणि भाडे किती?

मंडळी, गावातला एखादा मुलगा शहरात नोकरीला लागला की आपण पहिला प्रश्न विचारतो, "पगार किती?" दुसरा प्रश्न मात्र पुष्कळदा राहूनच जातो: "राहतोस कुठं? भाडं किती?" हा दुसरा प्रश्न विचारल्यावाचून स्थलांतराचा इतिहास नीट उमगत नाही. अमेरिकेतल्या मेम्फिस आणि शिकागो या दोन शहरांचेच पाहा ना.

मेम्फिस हे दक्षिणेतले, मिसिसिपी नदीकाठचे, कापसाच्या व्यापाराचे शहर. शिकागो उत्तरेतले, कारखान्यांचे आणि कत्तलखान्यांचे. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. युरोपातून येणाऱ्या मजुरांचा ओघ आटला आणि उत्तरेत कामाला माणसे मिळेनात. तेव्हा दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी गाठोडी बांधून उत्तरेची आगगाडी धरली. १९१० साली शिकागोत त्यांची संख्या ४४ हजार होती. १९२० साली ती १ लाख ९ हजारांवर गेली.

मजुरी तिकडे खरोखरच जास्त होती. पण राहायचे कुठे? शहराच्या दक्षिण भागातल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात! इतर पुष्कळ वस्त्यांत घरमालक आपसात लेखी करारच करीत, की कृष्णवर्णीयाला घर विकायचे नाही, भाड्यानेही द्यायचे नाही. माणसे वाढली दुपटीहून अधिक, आणि घरे जवळपास तेवढीच.

रिचर्ड राइट हा कृष्णवर्णीय लेखक १९२७ साली मेम्फिसहून शिकागोला गेला. १९४१ च्या आपल्या पुस्तकात त्याने एक नमुन्याचा हिशेब मांडला आहे. सात खोल्यांची जागा गोऱ्या भाडेकरूला महिना ५० डॉलरला मिळे. मालक तिचीच सात बिऱ्हाडे करी. प्रत्येक खोलीत एक लहानशी शेगडी, एक मोरी, आणि भाडे आठवड्याला ६ डॉलर. साती सक बेचाळीस! म्हणजे चार आठवड्यांचे झाले १६८ डॉलर. वाढलेल्या मजुरीतले किती उरणार, सांगा बरे! वर शिकागोची थंडी. कोळसा हवा, जाड कोट हवा.

मग माणसे परत का फिरली नाहीत? याचे उत्तर राइटच्या आत्मचरित्रात सापडते. मेम्फिसच्या ग्रंथालयात कृष्णवर्णीयाला पुस्तक मिळत नसे. त्याने एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड मागून घेतले आणि जणू त्याच्यासाठीच पुस्तके न्यायला आलो आहोत अशी खोटी चिठ्ठी स्वतःच लिहिली. शिकागोत असली चिठ्ठी लागत नव्हती. तिथे मतही देता येत होते. शिकागो काही स्वर्ग नव्हे. १९१९ च्या वांशिक दंगलीत तिथे ३८ माणसे मेली. घरांबाबतचे ते करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो थेट १९४८ साली.

गुरुजनहो, वर्गात हा धडा घ्याल तेव्हा फळ्यावर दोन रकाने जरूर आखा, मजुरीचा आणि खर्चाचा. पण शेजारी तिसरा रकाना मोकळा ठेवा. त्या खोट्या चिठ्ठीची किंमत किती मांडायची, ते मुलांना ठरवू द्या.