घामातलं मीठ आणि न हटणारं बीपी

आजची गोष्ट आहे एका हार्मोनची, पण तिची सुरुवात होते घामापासून.

दुसरं महायुद्ध चालू होतं. पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन सैनिक दमट उकाड्यानं हैराण झाले होते. मिशिगन विद्यापीठातले डॉक्टर जेरोम कॉन तेव्हा एकच प्रश्न घेऊन बसले होते: शरीर उकाड्याला सरावतं कसं? त्यांनी घाम तपासला. सुरुवातीला घामात भरपूर मीठ निघायचं. काही दिवसांनी घाम येतच राहायचा, पण त्यातलं मीठ खूप कमी झालेलं असायचं. म्हणजे शरीर मीठ वाचवत होतं. कॉन यांचा अंदाज होता की हे काम अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं असणार.

या ग्रंथी आपल्या दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या बसलेल्या असतात. एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. पण मीठ धरून ठेवणारं त्यांचं नेमकं हार्मोन कोणतं? ते हाती लागलं १९५३ मध्ये. लंडनचे सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट, आणि त्यांच्या जोडीला स्विस रसायनशास्त्रज्ञ. हार्मोनचं नाव पडलं अल्डोस्टेरॉन.

पुढच्याच वर्षी कॉन यांच्याकडे एक ३४ वर्षांची बाई आली. सात वर्षं तिचे स्नायू आखडायचे, हातापायांतलं बळ जायचं, मधूनच लुळेपणा यायचा. बीपी वाढलेलं, रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं. कॉननी तिचाही घाम तपासला, तर त्यात मीठ अगदीच कमी! इथे ना उकाडा, ना युद्ध. मग हिचं शरीर मीठ का वाचवतंय?

आता बघा, गंमत कुठे आहे. अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं, सोडियम ठेव आणि पोटॅशियम बाहेर टाक. एरवी हा हुकूम गरजेपुरताच सुटतो. पण ग्रंथी स्वतःच्या मर्जीनं हार्मोन ओतत राहिली तर? मीठ साचतं, मिठाबरोबर पाणी साचतं, बीपी चढतं. पोटॅशियम वाहून गेलं की स्नायू गळून जातात. तिची सगळी लक्षणं या एका धाग्यात बसत होती.

सात महिन्यांहून जास्त काळ तपासण्या चालल्या. शेवटी डिसेंबर १९५४ मध्ये ऑपरेशन ठरलं. बेत होता दोन्ही ग्रंथी काढायचा, म्हणजे पुढे आयुष्यभर बाहेरून हार्मोन घेणं आलं. पण पोट उघडल्यावर एका ग्रंथीत सुमारे चार सेंटिमीटरची गाठ दिसली. तेवढीच बाजू काढली. दुसरी ग्रंथी वाचली, आणि त्या बाईचं दुखणं जवळजवळ पूर्ण ओसरलं. आज या आजाराला 'कॉन सिंड्रोम' म्हणतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९६०च्या दशकात कॉन म्हणू लागले की हाय बीपीच्या कितीतरी रुग्णांमागे हेच कारण असेल, अगदी पाचातल्या एकामागे. टीका झाली. पुढे त्यांनी स्वतःच आकडा खाली आणला आणि 'दुर्मीळ आजार' हा शिक्का बसला. झालं काय, की पोटॅशियम कमी असेल तरच डॉक्टर हा आजार शोधायचे. पण अनेक रुग्णांचं पोटॅशियम नॉर्मलच असतं! शोधलंच नाही तर सापडणार कसा? पुढे अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचं प्रमाण बघणारी रक्ततपासणी आली आणि रुग्ण सापडू लागले. आज हाय बीपीच्या शंभर रुग्णांमागे साधारण पाच ते दहा जणांना हा आजार असतो असं मानतात. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं २०२५ मध्ये तर हाय बीपी असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी करावी असं सुचवलं.

म्हणून हे लक्षात ठेवा. घरात कुणाचं बीपी तीन-तीन गोळ्या घेऊनही उतरत नसेल, किंवा कमी वयातच चढलं असेल, तर 'टेन्शन घेतोस म्हणून' असं म्हणून सोडून देऊ नका. चालू गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, पण डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: अल्डोस्टेरॉन-रेनिनची तपासणी करून बघायची का? कारण गाठ एकाच बाजूला असेल तर ऑपरेशननं, आणि दोष दोन्हीकडे असेल तर या हार्मोनला अडवणाऱ्या गोळ्यांनी इलाज होतो.

चला, भेटू पुढच्या भागात!