सुरतेची बेन, इंदूरची ताई

सुरत म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन सने उभी राहतात. पहिले १६६४. त्या वर्षी शिवाजी महाराज मोगलांच्या या धनाढ्य बंदरावर चालून गेले. दुसरे १९०७. डिसेंबरच्या २७ तारखेला तापीकाठच्या मंडपात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन मोडले. लोकमान्य टिळक व्यासपीठावर हाताची घडी घालून उभे, कोठून तरी आलेला मराठी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागलेला, आणि मंडपभर खुर्च्यांची फेकाफेक. हे चित्र आपण शाळेत ‘सुरतेची फूट’ या मथळ्याखाली शिकवत आलो आहोत.

त्या भांडणाचे निमित्त मात्र आपण सहसा सांगत नाही. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदाचा प्रस्ताव आला तेव्हा लोकमान्यांना त्यावर दुरुस्ती मांडायची होती. व्यासपीठावरून उत्तर मिळाले, की निवड झालेली आहे, आता बोलण्यास वाव नाही. जहाल-मवाळांचा वाद फार मोठा होता, पण त्या दुपारी ठिणगी पडली ती एवढ्यावरूनच. विरोधी बाजू ऐकून न घेता झालेली निवड ही खरी निवड म्हणावी काय, हा प्रश्न सुरतेने तेव्हाच देशापुढे टाकला होता. त्याच सुरतेतील एका स्त्रीच्या राजकीय वाटचालीविषयी लिहायला बसलो आणि शेवटी त्याच प्रश्नापाशी येऊन ठेपलो.

आपल्या या सीमेवरच्या मुलखाला सुरत परकी नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. आमच्या घरांतून एक तरी भाऊ, साडू किंवा भाचा तापी व्हॅलीच्या गाडीत बसून सुरतेला गेला आणि लूमवर, डाइंग मिलमध्ये किंवा कापड मार्केटात रुजला. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशाचीच गावे वसल्यासारखी वाटतात. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. मी सुरतेला वरचेवर जातो, आणि इतिहास-नागरिकशास्त्राचा मास्तर असल्यामुळे लग्नाच्या पंगतीतही राजकारणाची चौकशी केल्यावाचून राहवत नाही. दर्शना जरदोश हे नाव मला प्रथम अशाच गप्पांतून परिचयाचे झाले. तिकडे त्यांना सारे ‘दर्शनाबेन’ म्हणतात.

सुरतेची लोकसभेची जागा ही वारंवार माणसे बदलणारी जागा नव्हे. १९५७पासून १९७७पर्यंत पाच निवडणुका मोरारजी देसाई येथून जिंकले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांना हे नाव कडवट लागे, पण १९७७मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ते सुरतेचेच खासदार होते. पुढे १९८९पासून २००४पर्यंत काशीराम राणा सहा वेळा निवडून आले. सुरतेचे महापौरपद सांभाळलेला हा गृहस्थ दिल्लीत वस्त्रोद्योगमंत्री झाला. म्हणजे स्वातंत्र्यानंतर २००९पर्यंत या जागेने एकाही स्त्रीला लोकसभेत पाठवले नव्हते.

दर्शनाबेनचा जन्म २१ जानेवारी १९६१चा, सुरतेतलाच. शिक्षण वाणिज्य शाखेचे, तेही तेथेच. वडील, पती किंवा सासरे यांनी मोकळी केलेली खासदारकी त्यांच्या पदरात पडली नाही. भारतीय जनता पक्षाच्या कार्यकर्त्या म्हणून काम करता करता २००० साली त्या सुरत महापालिकेत नगरसेविका झाल्या.

या पायरीचे मोल समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्या १९९३मध्ये अमलात आल्या आणि गावपंचायतीपासून महापालिकेपर्यंत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. त्या वेळी चावडीवर, पारावर केवढी थट्टा चालली होती! बाई सही करील आणि नवरा कारभार करील, असे लोक म्हणत, आणि कित्येक ठिकाणी तसे झालेही. पण त्याचबरोबर एक शाळा उघडली गेली. वॉर्डातला नळ, तुंबलेले गटार, रेशनकार्ड, बंद पडलेला दिवा या गोष्टींसाठी बायका उंबरा ओलांडून बाहेर आल्या, अधिकाऱ्यापुढे उभ्या राहिल्या, अंदाजपत्रक वाचायला शिकल्या. सुरतेसारख्या शहरात या शाळेचा अभ्यासक्रम सोपा नव्हता. १९९४च्या प्लेगने हे शहर जगभर बदनाम झाले होते आणि त्यानंतर त्याच महापालिकेने स्वच्छतेत नाव मिळवून दाखवले होते. नगरसेवकाच्या कामाकडे सुरतेचा माणूस बारीक नजरेने पाहतो तो यामुळेच.

२००९ साली पक्षाने काशीराम राणा यांना उमेदवारी नाकारून ती दर्शनाबेनना दिली. सहा वेळा जिंकलेल्या माणसाच्या जागी एक माजी नगरसेविका! समोर काँग्रेसचे धीरूभाई गजेरा होते. लढत चुरशीची झाली आणि त्या ७४,७९८ मतांनी निवडून आल्या. सुरतेच्या जागेवरून लोकसभेत जाणारी ही पहिली स्त्री.

पुढचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. २०१४मध्ये त्यांचे मताधिक्य ५,३३,१९० झाले. त्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातील कोणत्याही स्त्री उमेदवाराला एवढे मताधिक्य मिळाले नव्हते. (त्याच वर्षी ऑक्टोबरात बीडच्या पोटनिवडणुकीत आपल्या प्रीतम मुंडे यांनी ६,९६,३२१चे मताधिक्य घेऊन तो आकडा मागे टाकला, पण तेथे वडिलांच्या आकस्मिक निधनाची हळहळ मतपेटीत उतरली होती.) २०१७च्या जुलैत वस्तू व सेवा कराच्या विरोधात सुरतेच्या व्यापाऱ्यांनी दोन आठवड्यांहून अधिक काळ कापड मार्केटे बंद ठेवली. सत्ताधारी पक्षाच्या खासदाराची अशा वेळी दोन्हीकडून ओढाताण होते : दिल्लीत सरकारची बाजू, घरी मतदाराची. तरीही २०१९मध्ये मताधिक्य वाढून ५,४८,२३० झाले. पंतप्रधानांच्या नावाची लाट या आकड्यांमागे होती हे कोणीही सांगेल. पण लाट येते तेव्हाही होडीत कोणाला बसवायचे हे ठरवावे लागते, आणि त्या बाबतीत सुरतेने तिसऱ्यांदा त्याच बाईंवर शिक्का मारला.

७ जुलै २०२१ रोजी त्या केंद्रात रेल्वे आणि वस्त्रोद्योग या दोन खात्यांच्या राज्यमंत्री झाल्या. रेल्वेला दुसरे राज्यमंत्री होते जालन्याचे रावसाहेब दानवे. कापडाच्या शहराच्या प्रतिनिधीकडे कापडाचे खाते यावे, हा काशीराम राणांच्या वेळचा योग पुन्हा जुळला. त्यांच्याच कारकिर्दीत, ३१ डिसेंबर २०२१ला, कापडावरचा कर ५ टक्क्यांवरून १२ टक्के करण्याचा निर्णय अंमलबजावणीच्या आदल्या दिवशी लांबणीवर पडला. तो निर्णय कर परिषदेचा, एकट्या राज्यमंत्र्याचा नव्हे. पण मधल्या आठवड्यांत सुरतेतला व्यापारी कोणाच्या दाराशी गेला असेल हे सांगायला नको. मार्च २०२३मध्ये केंद्राने मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानांसाठी देशात सात ठिकाणे जाहीर केली, त्यांत सुरतेशेजारचे नवसारी होते आणि आपली अमरावतीही होती.

मग २०२४ आले. पक्षाने दर्शनाबेनना पुन्हा उमेदवारी दिली नाही. मुकेश दलाल हे नवे नाव पुढे आले. २००९मध्ये ज्या दाराने राणा बाहेर पडले, त्याच दाराने त्याही बाहेर पडल्या. पक्षाने उमेदवार बदलावेत, त्यात गैर काही नाही. पण पुढे जे घडले ते सुरतेच्या इतिहासात नवे होते. काँग्रेसच्या उमेदवाराच्या सूचकांनी ‘या सह्या आमच्या नव्हेत’ असे लिहून दिले, २१ एप्रिलला अर्ज बाद झाला, उरलेल्या आठ उमेदवारांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. मतदान ७ मे रोजी व्हायचे होते. ते झालेच नाही.

नागरिकशास्त्राच्या तासाला मी हा प्रसंग सांगितला तेव्हा मामाच्या घरी सुरतेला जाऊन आलेली एक मुलगी उठून म्हणाली, “सर, ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण तरी होतं ना?” नव्हते. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे जागा एक आणि उमेदवारही एक उरला, की अधिकाऱ्याने त्याला निवडून आल्याचे जाहीर करायचे. यंत्रच मांडले जात नाही, मग बटण कोठून येणार? सोळा लाखांच्या वर मतदार असलेल्या शहराच्या बोटाला त्या वर्षी शाई लागली नाही. लिंबायत-उधन्याच्या आपल्या आप्तांनी मात्र मतदान केले, कारण ते भाग नवसारी मतदारसंघात मोडतात. एकाच शहरात रस्त्याच्या अलीकडे मतदान आणि पलीकडे नाही, असा तो मामला.

येथे मला इंदूर आठवते. चिपळूणच्या साठ्यांची लेक लग्न होऊन होळकरांच्या इंदुरात गेली आणि सुमित्रा महाजन झाली. १९८२मध्ये नगरसेविका, १९८४मध्ये उपमहापौर, १९८५मध्ये विधानसभेला पराभव, आणि १९८९मध्ये माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरवून लोकसभेत प्रवेश. तेव्हापासून त्याच जागेवरून सलग आठ विजय, आणि २०१४ ते २०१९ लोकसभेचे अध्यक्षपद. सुरतेची जशी बेन, तशी इंदूरची ही ताई. दोघींचीही सुरुवात वॉर्डातून. २०१९च्या एप्रिलमध्ये पक्षाचा निर्णय लांबत चालला तेव्हा ताईंनी पत्र लिहून आपण होऊनच निवडणूक लढवणार नसल्याचे कळवले. आणि २०२४मध्ये? इंदुरातही काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिलला अर्ज मागे घेतला. इतर उमेदवार उरल्याने मतदान मात्र झाले, आणि २,१८,६७४ मतदारांनी ‘कोणीही नाही’ या बटणावर बोट ठेवले.

वाचकहो, दोन शहरांतील दोन स्त्रियांच्या या दोन कारकिर्दी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट स्पष्ट दिसते. या दोघींना मोठेपण आले ते समोर कोणीतरी उभे होते म्हणून. ताईंना सेठी भेटले, बेनना गजेरा भेटले. दारोदार जावे लागले, उत्तरे द्यावी लागली, ताईंना तर हार पचवावी लागली. तालमीत जोडीदारच नसेल तर पहिलवान घडत नाही.

सप्टेंबर २०२३मध्ये लोकसभेने ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेने २१४ विरुद्ध शून्य मतांनी महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती संमत केली. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लोकसभेत व विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाव्यात, असा तो कायदा. २०१९मध्ये ७८ स्त्रिया लोकसभेत निवडून आल्या होत्या, २०२४मध्ये ७४. आकडा आपोआप वाढत नाही, उलट घसरतोही, म्हणून आरक्षण हवेच याविषयी मला शंका नाही. पण खुर्ची राखून ठेवणे कायद्याला जमते, लढत राखणे जमत नाही. उमेदवारी देणारा आणि काढून घेणारा हात एकच असेल, आणि समोरची बाजू मतदानापूर्वीच नाहीशी होत असेल, तर त्या खुर्चीवर बसलेली बाई मतदाराकडे पाहील की त्या हाताकडे?

आपल्या सीमेवरच्या गावांत घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती चालते. तिन्ही भाषांत मत मागणाऱ्या बायका आता नगरपालिकेच्या निवडणुकीत आपल्या दारी येतात. त्यांना हळदीकुंकवाला आल्यासारखे चहा पाजून वाटेला लावू नये. नळाचे काय, शाळेच्या छपराचे काय, मागच्या पाच वर्षांचा हिशेब काय, हे विचारावे. विरुद्ध बाजूची बाई आली तर तिलाही तेच विचारावे. आणि गावातले शहाणे लोक ‘कशाला भांडणे, बिनविरोध करून टाकू’ म्हणू लागले, तर १९०७च्या मंडपातला तो आक्षेप त्यांना जरूर आठवून द्यावा. उद्याची बेन आणि उद्याची ताई घडायची असेल, तर तिला आधी कोणाशी तरी लढू द्यावे लागेल.