पंख्याची दोरी कोणाच्या हातात, वारा कोणाच्या अंगावर?

मोठ्या वखारींसाठी आता मोठे पंखे बाजारात आले आहेत. छताला टांगलेला एकच पंखा, पात्यांचा घेर चोवीस फुटांपर्यंत, फिरतो अगदी सावकाश, मोटर जेमतेम दीड-दोन अश्वशक्तीची. जाहिरात सांगते, वखार थंड ठेवण्याचा खर्च कमी करा. आम्हाला या जाहिरातीवर पहिला प्रश्न पडतो तो असा : अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या वखारीत थंडाव्यावर खर्च होतोच कुठे, की तो कमी करावा? तूर, हरभरा, सोयाबीन, सरकीची पोती आणि कापसाच्या गाठी रचलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात हमाल क्विंटलमागे क्विंटल वाहतो. तिथे थंडाव्याचे बिल शून्य आहे. शून्यातून बचत होत नाही. म्हणून हा विषय यंत्राचा वाटला तरी तो इतिहासाचा आहे. वारा कोणासाठी विकत घेतला गेला आणि कोणाला फुकटही मिळाला नाही, हा तो इतिहास.

मोठा आणि सावकाश पंखा ही कल्पना नवी नाही. साहेबाच्या कचेरीत, बंगल्यात, कोर्टात छताला टांगलेला कापडी पंखा याच तत्त्वावर चालत असे. हवेचा वेग दुप्पट करायचा तर ताकद सुमारे आठपट लागते, म्हणून थोड्या हवेला जोरात ढकलण्यापेक्षा भरपूर हवा हळू हलवणे स्वस्त पडते. फरक इतकाच की तेव्हा मोटरच्या जागी माणूस होता. पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर ओसरीवर जायची आणि तिथे पंखाकुली बसायचा. हात दुखला की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची. या भोकाकडे नीट पाहा. सेवा आत येते, सेवा करणारा बाहेर राहतो. गावाबाहेरच्या वस्तीतून वेठ आत येते आणि माणूस वेशीबाहेर राहतो, त्याच रचनेची ही सरकारी आवृत्ती. सगळेच पंखाकुली अस्पृश्य होते असे आम्ही म्हणत नाही, पण ते तळच्या जातींतले आणि भूमिहीन कुटुंबांतले असत. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीत खटल्याच्या प्रसंगी असाच एक हीन मानल्या गेलेल्या जातीचा पंखेवाला आहे. खटला मोडतो, कोर्ट रिकामे होते, तरी तो रिकाम्या व्यासपीठाकडे बघत दोरी ओढतच राहतो. कादंबरीबाहेर याहून वाईट घडत होते. रात्री डोळा लागला म्हणून गोऱ्यांनी लाथा मारलेल्या आणि त्यात मेलेल्या पंखाकुलींची प्रकरणे त्या काळच्या सरकारी कागदांत आहेत. बचावही ठरलेला असे, की मयताची प्लीहा हिवतापाने आधीच वाढलेली होती.

एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. माणूस दिवसभर टिकेल अशी ताकद लावतो ती साधारण पाऊणशे वॉट. आजच्या एका मोठ्या पंख्याची मोटर दीड किलोवॉटची धरली, तर ती वीस पंखाकुलींचे काम करते. यंत्राने माणसाच्या हातातली दोरी सोडवली ही साधी गोष्ट नाही. ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाची चिकित्सा करताना हेच मांडले. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. जनावराच्या कष्टातून सुटून माणसाला फुरसत आणि संस्कृती मिळायची असेल तर यंत्र हवेच. चरख्याकडे परत चला म्हणणाऱ्यांना पंखा स्वतः ओढावा लागत नव्हता, हे आमचे भाष्य.

आता वऱ्हाडात येऊ. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवीत मँचेस्टरचा कापूस अडला आणि इथल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात लोहमार्ग अकोला, बडनेरा करत नागपूरपर्यंत पोचला. मागोमाग जिन आणि प्रेस आले. सरकी काढायची, रुई दाबून गाठ बांधायची. बायका जिनवर कापूस टाकायच्या, पुरुष गाठी ओढायचे. हवेत रुईची धूळ, आणि वारा आला तर रुई उडते म्हणून वाराच नको. इथे हवेचा शत्रू माल होता. शेजारच्या खानदेशातल्या जिनमध्ये लोक पहाटेपासून रात्रीपर्यंत, गर्दीच्या दिवसांत तर सलग दिवसरात्र राबतात, अशी साक्ष १८८४-८५ च्या मुंबईच्या कारखाना आयोगापुढे झाली होती. कायदा मात्र १८८१ लाच झालेला होता. मग तो जिनला का लागला नाही? त्यात वर्षाला चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने वगळले होते. जिन हंगामी. ती वगळणूक १९११ च्या कायद्याने काढली, म्हणजे तीस वर्षांनी. तरीही ‘हंगामी’ हा शिक्का राहिलाच. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्याला आठवड्याचे ५४ तास, हंगामीला ६०. बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात पुढे आलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने हे आकडे ४८ आणि ५० वर आणले. दोघांतले सहा तासांचे अंतर दोनवर आले. कामाच्या आठ तासांचे श्रेय बाबासाहेबांना देताना आपण सगळेच हा आकडा विसरतो, पण वऱ्हाडातल्या जिनवाल्या बाईच्या दृष्टीने खरी उडी हीच होती : साठवरून पन्नास.

नागपूरची गोष्ट वेगळी आणि जास्त बोलकी. १८७७ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या एम्प्रेस मिलमध्ये हवेत ओल सोडणारी यंत्रे देशात फार लवकर बसली, आणि उद्योगाच्या इतिहासात त्याचे कौतुक होते. ओल कशासाठी? नागपूरच्या कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून. वाफाळ, दमट खोलीत कामगाराच्या अंगावरचा घाम वाळत नाही, तो गुदमरतो. पण धागा तुटत नाही. गिरणीने हवेवर खर्च केला तो धाग्यासाठी. याच गिरणधंद्यात चांगला पगार असलेल्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि विटाळ होतो, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. १९२८-२९ च्या मुंबईच्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना यावरूनच जाब विचारला होता. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांनी पुढे १९३६ मध्ये लिहिले. त्यामागे हे खाते डोळ्यांसमोर असणारच, असे आम्हाला वाटते.

१९४३ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीत वीजपुरवठ्याच्या धोरण समितीपुढे बाबासाहेबांचे भाषण झाले. मांडणी अशी की शेतीवर कोंबलेल्या लोकसंख्येला दारिद्र्यातून काढायचे तर उद्योग हवेत, आणि उद्योगांना भरपूर, स्वस्त वीज हवी. आपली तरुण पोरे हे भाषण धरणांच्या संदर्भात वाचतात. ते पंख्याच्या संदर्भातही वाचावे. वीज आली, दोरी सुटली. पुढे काय झाले?

पुढे १९४८ चा कारखाना कायदा आला. त्याचे कलम १३ चांगले आहे. कामाच्या खोलीत ताजी हवा खेळती हवी, तापमान कामगाराला बऱ्यापैकी आराम देणारे हवे, आणि भिंती व छप्पर असे हवे की तापमान शक्य तितके कमी राहील. छप्पर! म्हणजे पत्र्याचा प्रश्न कायद्यात १९४८ लाच होता. पण कायदा ‘कारखान्या’ला. निव्वळ साठवणुकीची वखार कारखाना नाही. अपवाद एकच, आणि तो वाचून हसावे की रडावे कळत नाही : माल शीतगृहात ठेवणे ही कायद्याच्या व्याख्येत उत्पादन प्रक्रिया आहे. म्हणजे बटाटा थंड ठेवायचा असेल तर तिथल्या माणसाला कारखाना कायदा, आणि तापलेल्या पत्र्याखाली तुरीची थप्पी लावणाऱ्याला नाही. हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. मजुरी, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी यांची लढाई त्याने जिंकून दिली आणि ती मोठीच होती. हवेचा प्रश्न तिथे मागे राहिला.

आता त्या नव्या पंख्याकडे परत. तो मुळात कोणासाठी तयार झाला ठाऊक आहे? अमेरिकेतल्या दुभत्या गायींसाठी, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात. उन्हाने गाय कमी दूध देते, ते नुकसान मालकाचे, म्हणून मालकाने पंखा घेतला. गोठ्यातून तो वखारीत आला. हमालाचे तसे नाही. हमाली पोत्यावर किंवा क्विंटलवर. दुपारी दोन वाजता त्याला भोवळ आली, तो सावलीत तासभर बसला, तर बुडते त्याचीच मजुरी. मालकाच्या वहीत उष्णतेचा खर्च लागतच नाही. सोयाबीन आले की ओल मोजायचे यंत्र लावतात, १२ टक्क्यांच्या वर गेली की भाव पडतो. पोते मोजले जाते, वाहणारा मोजला जात नाही. म्हणून ‘बचत होईल’ या युक्तिवादाने हा पंखा आपल्या वखारीत येणार नाही. जिथे आधीच वातानुकूलन आहे, औषधांच्या किंवा ऑनलाइन मालाच्या गोदामात, तिथे तो खरेच पैसे वाचवतो, कारण हवा हलती असली की यंत्राचे तापमान दोन-तीन अंश वर ठेवले तरी तितकेच गार वाटते. आपल्याकडे तो खर्च म्हणून यायला हवा आणि खर्च कायद्यानेच करून घ्यावा लागतो. तसा तो फार नाही. दीड किलोवॉटचा पंखा दहा तास चालला तर १५ युनिट. दहा रुपये युनिट धरले तरी दिवसाचे दीडशे रुपये.

पण मागणी करताना फसू नका. पंखा हवा थंड करत नाही, तो घाम वाळवतो. आषाढ-श्रावणात, भादव्यात, ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याचा मोठा उपयोग. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, ४७ च्याही वर गेलेला आहे. त्या कोरड्या हवेत घाम तसाही लगेच उडतो, आणि कातडीपेक्षा तापलेली हवा अंगावर आदळली तर अंगात उष्णता भरते. जागतिक आरोग्य संघटनाही ४० अंशांच्या वर नुसता पंखा लावू नका असे सांगते. शिवाय पत्र्याखाली साठलेली झळ पंखा खाली आणतो. तेव्हा आधी पत्र्याला पांढरा रंग किंवा चुना, वर गरम हवा बाहेर काढणारी फिरती झाकणे, भिंतीला मोठे कूलर, आणि मग त्या गार हवेला सगळीकडे नेणारा पंखा. क्रम असा. कापसाच्या गाठी असतील तिथे वायरिंग आणि मोटर बंदिस्त हवी, नाहीतर ठिणगीचे निमित्त करून पंखाच नाकारतील.

दुसरा सापळा मोजमापाचा. केंद्राच्या नमुना कारखाना नियमांत मर्यादा आहे ती ओल्या फडक्याच्या तापमापकाची, ३० अंश. मुंबईच्या दमट हवेला हे माप ठीक. अकोल्यात पारा ४५ आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला तापमापक २४ च्या आसपास दाखवतो. कागदावर वखार आरामदायी, आत माणूस भाजतोय.

२०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कामगारांचे तास आणि निरीक्षणाच्या बाबतीत तिच्यावर आमचे आक्षेप आहेत, ते वेगळे लिहू. पण तिच्या व्याख्येत दहा कामगारांची वखारही ‘आस्थापना’ म्हणून बसू शकते, आणि कलम २३ प्रमाणे वायुवीजन, तापमान, आर्द्रता यांची मानके केंद्र सरकारने ठरवायची आहेत. १८८१ ला ‘हंगामी’ म्हणून, १९४८ ला ‘कारखाना नाही’ म्हणून आपली माणसे बाहेर राहिली. या वेळी बाहेर राहायचे नसेल तर आकडे आपल्याकडे हवेत. एप्रिलपासून आपापल्या गावच्या वखारीत, बाजार समितीच्या शेडमध्ये, दालमिलच्या गोदामात साधा तापमापक छातीच्या उंचीवर टांगा. सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी पाच अशा तीन वेळा नोंद करा, सोबत त्या दिवशी किती पोती उतरली आणि कोण किती वेळ बसून राहिले तेही लिहा. हमालांच्या टोळीतला कोणीतरी दहावी शिकलेला पोरगा असतोच, वही त्याच्या हातात द्या. जूनमध्ये त्या वह्या घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचे आहे.