चांदा प्रदेशातील लोखंड : उत्पादनाचा इतिहास आणि गंजमापनाचा प्रश्न

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांचा औद्योगिक इतिहास प्रामुख्याने खनिजाच्या अंगाने लिहिला गेला आहे. भूगर्भात लोहखनिज किती आहे, ते कोणी काढावे आणि कोठे न्यावे, हेच त्या लेखनाचे मुख्य प्रश्न राहिले. तयार झालेले लोखंड किती काळ टिकते, कशामुळे क्षय पावते आणि कोणत्या लेपाने सुरक्षित राहते, या प्रश्नांना त्यात फारसे स्थान मिळाले नाही. प्रस्तुत निबंधात या प्रदेशाची लोहपरंपरा आणि गंजमापनशास्त्राचा विकास यांचा एकत्रित विचार केला आहे. १९८२ मध्ये विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. म्हणून येथे 'चांदा' या जुन्या नावात दोन्ही जिल्हे अभिप्रेत आहेत.

स्थानिक लोहनिर्मिती आणि तिचा ऱ्हास

विदर्भातील लोहविद्या प्राचीन आहे. नागपूर परिसरातील टाकळघाट, खापा व माहुरझरी येथील महापाषाणीय शिलावर्तुळांत लोखंडाची हत्यारे व अवजारे मिळाली. नैकुंड येथील उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली. चांदा जिल्ह्यातील लोहारा, देवलगाव, पिंपळगाव, गुंजेवाही या ठिकाणच्या खनिजाची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत आढळते. देशी भट्टीत लोखंड पूर्णपणे वितळत नसे. कोळशाच्या आचेवर खनिजातील प्राणवायू निघून जाई व मळीमिश्रित लोखंडाचा गोळा तयार होई. तो ठोकून मळी काढली जाई. जंगल हाच या उद्योगाचा इंधनसाठा होता. १८७८ च्या वनकायद्याने जंगलावरील निर्बंध कडक झाले आणि रेल्वेने विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागले. या दुहेरी दडपणाखाली देशी भट्ट्या विझत गेल्या.

लोहारा ते साकची

याच काळात आधुनिक पोलाद कारखान्याचे स्वप्न चांद्याशी जोडले गेले. १८८२ मध्ये जर्मन भूशास्त्रज्ञ रिटर फॉन श्वार्ट्झ यांचा चांदा जिल्ह्यातील लोहउद्योगाविषयीचा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनात आला. लोहारा येथील समृद्ध खनिज व जवळच वरोऱ्याचा दगडी कोळसा, असा तो योग होता. परंतु वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीस योग्य ठरला नाही आणि खाणपरवान्याच्या अटीही जाचक होत्या. पुढे दोराबजी टाटा व अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांनी चांद्याच्या जंगलात पुन्हा शोध घेतला. तथापि मोठ्या कारखान्यास पुरेल असे खनिज एकत्र सापडले नाही. अखेर मयूरभंजच्या खनिजावर साकची येथे कारखाना उभा राहिला व १९१२ मध्ये तेथे पोलाद निघाले. चांद्याला तो कारखाना मिळाला नाही आणि देशी भट्ट्याही टिकल्या नाहीत.

गंजमापनाचा विकास

गंज ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे, ही जाणीव एकोणिसाव्या शतकातली. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जहाजाच्या तांब्याच्या पत्र्यास जस्त किंवा लोखंड जोडून त्याचा क्षय रोखता येतो, हे दाखविले. विसाव्या शतकात केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी या विषयास शास्त्राचे रूप दिले. १९५७ मध्ये स्टर्न व गिअरी यांनी धातूस अत्यल्प विद्युतदाब देऊन मिळणाऱ्या प्रवाहावरून क्षयाचा वेग काढण्याचे सूत्र मांडले. त्यापूर्वी तुकडा महिनोन्महिने ठेवून वजनातील घट मोजावी लागे. आता तत्क्षणी वेग कळू लागला. अर्थात ही पद्धत ओलसर, विद्युतवाहक माध्यमातच चालते. विद्युतरोध संवेदकाचे तत्त्व याहून साधे आहे : पातळ धातूपट्टी गंजून बारीक होते तसा तिचा रोध वाढतो.

लेपाची परीक्षा निराळी असते. रंग वरून अखंड दिसला तरी त्यातून पाणी व क्षार आत झिरपत असतात. १९४८ मध्ये बेकन, स्मिथ व रग यांनी समुद्राच्या पाण्यातील रंगविलेल्या पोलादाचा विद्युतरोध मोजला. रोध टिकून राहिला तेथे लेप चांगला, झपाट्याने घटला तेथे निकामी, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मापनाने डोळ्यांना फोड दिसण्यापूर्वीच लेपाचा ऱ्हास ओळखता येऊ लागला.

प्रादेशिक अन्वयार्थ

चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना व कोळसाखाणी यांमुळे या प्रदेशात लोखंडावरील ताण दुहेरी आहे. पावसाळ्यातील दमट हवेत कोळशाच्या धुरातील गंधकवायू मिसळला की गंजाचा वेग वाढतो. हवेत गंधकवायू असल्यास सुमारे साठ टक्के आर्द्रतेपासूनच गंज जोर धरतो, हे व्हर्नन यांनी १९३० च्या दशकापर्यंत प्रयोगाने दाखविले होते. गडचिरोलीच्या जंगलातील हवाही दमट असते. मात्र धूर तेथे चंद्रपूरइतका नाही. एकाच प्रकारचे संवेदक दोन्हीकडे लावल्यास धूर व ओलावा यांचा वाटा वेगळा करता येईल.

दुसरा प्रश्न जुन्या लोखंडाचा आहे. दिल्लीच्या लोहस्तंभावरील आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनाने स्फुरदयुक्त लोखंडावर तयार होणाऱ्या संरक्षक थराकडे लक्ष वेधले. चुनखडीचा वापर नसलेल्या देशी भट्टीत खनिजातील स्फुरदाचा बराच अंश लोखंडात राहत असे. चांद्याच्या लोखंडाबाबतही हेच घडले, असे परीक्षणाविना म्हणता येणार नाही. परंतु परीक्षणयोग्य जुनी अवजारे गंजून वा भंगारात जाऊन नष्ट झाली, तर तो प्रश्न कायमचा अनुत्तरित राहील.

निष्कर्ष

चांद्याच्या लोखंडाचा इतिहास केवळ उत्खननाचा नाही. तो गमावलेल्या कौशल्याचाही आहे. भट्टी चालविणाऱ्यांनी लिखित नोंदी ठेवल्या नाहीत. त्यांचे ज्ञान त्यांच्या लोखंडातच साठले आहे. वस्तूला इजा न करता मापन करणारी साधने हाती असताना गावोगावच्या जुन्या लोहवस्तूंची नोंद व परीक्षण स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास व रसायनशास्त्र विभागांनी संयुक्तपणे हाती घेणे अगत्याचे आहे.