पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि आज्ञापालन

प्रस्तावना :
ख्रिस्ती धर्मविचारात श्रद्धा आणि आज्ञापालन या परस्परावलंबी संकल्पना आहेत. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आज्ञापालनाचा उगम श्रद्धेत दाखविला आहे. तथापि आज्ञा कोणाची पाळावयाची, हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) जीवनात तीव्रतेने उपस्थित झाला.

इंग्लंडमधील मतभेद :
रमाबाईंनी १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना चर्चच्या अधिकाराचा निमूट स्वीकार अपेक्षित होता. रमाबाईंनी मात्र त्रैक्याच्या सिद्धांताविषयी शंका मांडल्या, शाकाहार सोडला नाही आणि क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत असा आग्रह धरला. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, हे भारतातील बिशपांचे मतही त्यांनी निमूटपणे स्वीकारले नाही. जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. रमाबाईंच्या मते ही सदसद्विवेकबुद्धीशी निष्ठा होती.

पुण्यातील कसोटी :
१८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले. तेथे कोणावरही धर्माची सक्ती नव्हती. परंतु स्वतःची प्रार्थना बंद दाराआड करण्यास रमाबाई तयार नव्हत्या. परिणामी १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. संस्था संकटात आली, तरी त्या मागे हटल्या नाहीत.

निष्कर्ष :
चर्च आणि स्वकीय समाज या दोहोंनी आज्ञापालनाची मागणी केली. रमाबाईंनी दोघांनाही नकार दिला. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. मध्यस्थाविना ईश्वराची आज्ञा समजून घेणे, हेच त्यांच्या लेखी श्रद्धेचे आज्ञापालन होते, असे म्हणता येईल.