मस्तिष्काघाताच्या आकलनाचा इतिहास

‘अर्धांगवायू’ किंवा ‘अंगावरून वारे जाणे’ या मराठी शब्दप्रयोगांत वातदोषाची प्राचीन कल्पना टिकून आहे. युरोपातही हा विकार दीर्घकाळ शरीरातील दोषांचा परिणाम मानला जात असे. स्विस वैद्य योहान वेप्फर यांनी १६५८ मध्ये शवविच्छेदनाच्या आधारे मेंदूतील रक्तस्राव हे त्याचे कारण दाखविले. १६६४ मध्ये थॉमस विलिस यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीवर्तुळाचे कार्य स्पष्ट केले : एक वाट बंद झाल्यास रक्त दुसऱ्या वाटेने पोहोचू शकते. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्खो यांनी रक्ताची गुठळी वाहत जाऊन दूरची वाहिनी कशी बंद करते, हे सिद्ध केले.

रक्तस्राव व अडथळा ही दोन कारणे अशी स्पष्ट झाली, तरी जिवंत रुग्णात त्यांतील भेद खात्रीने ओळखणे कठीणच होते. १९७१ मध्ये लंडन येथे रुग्णाचे पहिले सी. टी. स्कॅन झाले आणि ही अडचण दूर होऊ लागली. हा भेद निर्णायक होता; कारण गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावात घातक ठरते. अशा औषधास १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती लक्षणांनंतर तीन तासांच्या आत देण्याच्या अटीवर.

तात्पर्य, जुना शब्द भाषेत राहिला तरी त्यामागील दैवाधीनता आता समर्थनीय नाही. या विकारात प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.