अँबॅसडरचे हस्तांतर

मोटार विकत घेतल्याची हकीकत सर्वजण सांगतात. ती विकल्याची हकीकत सहसा कोणी सांगत नाही. कारखान्यांचा इतिहास लिहिला जातो, परंतु पंधरावीस वर्षे एका कुटुंबाची सेवा करून दुसऱ्याच्या दारी गेलेल्या गाडीचा इतिहास त्या कुटुंबाबरोबरच पुसला जातो. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहिलेल्या आपल्या वर्गाने तरी ही उपेक्षा करू नये असे आम्हांस वाटते. गेल्या शतकात जुनी मोटार कशी विकली जाई हे पाहिले असता त्या काळची टंचाई, सरकारी शिस्त आणि माणसामाणसांतील विश्वास यांचे चित्र आपोआप उभे राहते. उदाहरणादाखल आम्ही अँबॅसडर ही गाडी घेत आहोत.

हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी १९४२ साली गुजरातेतील ओखा बंदरी स्थापन झाली व १९४८ मध्ये कलकत्त्यानजीक हुगळीकाठच्या उत्तरपाड्यास गेली. इंग्लंडातील मॉरिस गाड्यांच्या नमुन्यावरून तेथे मोटारी बनू लागल्या. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून सिद्ध झालेली अँबॅसडर १९५७-५८ च्या सुमारास रस्त्यावर आली आणि मे २०१४ मध्ये कारखान्याचे काम थांबेपर्यंत, बाह्यरूपात फारसा पालट न होता, बनत राहिली. यात उद्योगाचा गौरव किती व आळस किती, हा वाद बाजूस ठेवू. जुन्या गाडीच्या मालकास मात्र त्याचा मोठा लाभ झाला. सुटे भाग सहज मिळत. लहानशा गावातील मिस्त्रीसही तिचे अंतरंग ठाऊक असे. इंजिन थकले म्हणजे सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन घालावयाचे, पाटे बसले म्हणजे ते बांधून घ्यावयाचे, आणि गाडी पुन्हा प्रवासास सज्ज! त्यामुळे धावलेल्या मैलांचा धाक विक्रेत्यास नव्हता व गिऱ्हाइकासही फारसा नव्हता.

दुसरे कारण टंचाईचे. परवाना पद्धतीच्या त्या काळात उत्तरपाड्याची अँबॅसडर, मुंबईत कुर्ल्यास बनणारी फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढीच काय ती निवड होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने नव्या मोटारींचे वाटप व विक्री सरकारच्या देखरेखीखाली आली. जेथे नव्या वस्तूची रांग संपत नाही, तेथे जुनी वस्तू जुनी होत नाही. थोडी वापरलेली गाडी कित्येकदा नव्या गाडीच्या ठरलेल्या किमतीहून अधिक दामाला जाई. विक्रेत्यास गिऱ्हाईक शोधावे लागत नसे. अनेकांतून एक निवडावे लागे. म्हणूनच पुष्कळ घरी ही विक्री म्हणजे मुलीसाठी स्थळ पाहण्यासारखाच प्रकार होई.

सरकारी नोकराच्या बाबतीत आणखी एक गाठ होती. मोटारीसाठी त्यास केंद्र सरकारातून अग्रिम रक्कम मिळे, आणि तिची फेड होईपर्यंत गाडी भारताच्या राष्ट्रपतींकडे गहाण राहत असे. ही सवलत सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ मध्ये बंद झाली. १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे ठराविक मर्यादेपलीकडील जंगम मालमत्तेचा व्यवहार वरिष्ठांस कळवावा लागतो, आणि मोटार त्यात येते. म्हणजे स्वतःच्या अंगणातील गाडी विकावयाची तरी तिचा कागद कचेरीत फिरावयाचाच! बदलीचा हुकूम हातात, मुदत थोडी आणि नवे ठाणे हजार मैलांवर, अशा वेळी गाडी बहुधा सहकाऱ्याकडेच जाई. सेवेत तो पुन्हा कोठे तरी भेटणार हे ठरलेले. त्यास दोष लपवून गाडी देणे म्हणजे स्वतःचे नाव बुडविणे होय. मैलमापकाचे आकडे पाचच. लाख पुरे होताच ते शून्यावर येत. तेव्हा खरा हिशेब मालकाच्या शब्दावरच असे.

१९८३ च्या अखेरीस गुडगावहून मारुती निघाली, १९९१ नंतर परदेशी कंपन्यांस दारे उघडली, आणि हे सर्व पालटले. नवी गाडी सहज मिळू लागताच जुनी गाडी खऱ्या अर्थाने जुनी झाली. राजधानीत तर वयच निर्णायक ठरले. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१४-१५ मध्ये १५ वर्षांवरील पेट्रोलच्या व १० वर्षांवरील डिझेलच्या गाड्यांस बंदी केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली आणि २०२५ मध्ये तिच्या कडक अंमलास काहीसा आवर घातला. दिल्लीच्या हवेची दशा पाहता बंदीस कारण नव्हते असे कोणी म्हणणार नाही. तथापि जपलेली गाडी व हेळसांड झालेली गाडी यांत जन्मतारीख भेद करीत नाही. ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अशा कित्येक गाड्या परराज्यांत गेल्या. मालकांप्रमाणे त्यांचीही बदली झाली.

अँबॅसडर हे नावही २०१७ मध्ये ८० कोटी रुपयांस फ्रान्सच्या प्यूजो कंपनीस विकले गेले. परंतु कोणत्या चढावर इंजिन तापते, थंडीच्या सकाळी चोक किती ओढावा, हे ज्ञान आणि दुरुस्तीची वही विक्रेता गाडीबरोबर देत असे, तिची किंमत कोणत्याही पावतीवर लिहिली गेली नाही. आज नमुना २९ व ३० भरले की कायद्याचे काम पुरे होते. विक्रेत्याचे काम तेवढ्याने पुरे झाले असे आम्हांस वाटत नाही. दर काही वर्षांनी घर मोडून नवे मांडणाऱ्या आपल्या मंडळींनी गाडी देताना ती वहीही द्यावी, आणि घेणाऱ्याने विचारण्यापूर्वीच तिचे दोष सांगावेत. मागची पिढी तसे करीत आली.